फुंकरीचा गुण

दार उघडलं तर फिलोमिना, डर्व्हलाची आई. अंगात रविवारी चर्चमधल्या मिस्सेला जायचा निळा कोट, आणि वार होता मंगळवार.

"आत ये," मी म्हटलं.

"आत यायला वेळ नाही. कोट घाल, अट्रॅक्टा. गाडी चालूच ठेवलीय मी."

"जायचंय कुठं?"

"कुठं म्हणजे? इस्पितळात, डर्व्हलाकडे." तिनं दाराची चौकट धरली. "एकोणीस दिवस झाले. ताप हटत नाही. दुसऱ्या नंबरची औषधं देतायत, ती तिला सोसत नाहीत. काल म्हणाले, आता किडनीवर ताण आलाय. सातव्या वर्षी तू बरी केली होतीस ना तिला? तशीच एकदा ये. तीन फुंकरी घाल तिच्या तोंडात. मी कुणापुढं हात पसरत नाही, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आयर्लंडातल्या, लायट्रिममधल्या आमच्या या गावात मी पंचावन्न वर्षं नांदले, पण फिलोमिनानं कुणाकडे वाटीभर साखर मागितलेली पाहिली नाही. तिच्या डोळ्यांत बघायचं टाळून मी खुंटीवरचा कोट काढला.

"काही खाल्लं नाहीस ना सकाळपासून?" तिनं विचारलं.

टेबलावर बशी होती, बशीत पावाचे चुरे होते. लोणी लावून दोन जाड काप खाल्ले होते मी.

"नाही," मी म्हटलं.

खोटं बोलायची सवय अशी असते. मोठं खोटं सांभाळायला रोज एक बारकं पाळावं लागतं.

हे खाण्याचं तिनं का विचारलं, ते सांगते. माझा बाप मी जन्मायच्या दोन महिने आधी स्कॉटलंडात बटाटे काढायला गेला आणि तिथल्या एका गोठ्यात झोपेत जळून मेला. मी त्याचं तोंड पाहिलं नाही. आमच्याकडे असं मानतात, की ज्यानं बापाचं तोंड पाहिलेलं नाही त्याच्या श्वासाला गुण असतो. मुलाच्या तोंडात फोड आले, घसा धरला, तर त्याला अशा माणसाकडे न्यायचं. सोमवार, गुरुवार आणि पुन्हा सोमवार. फुंकर घालणाऱ्यानं उपाशी असायचं. पैसा घ्यायचा नाही. आणि आणणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत, आभार मानले की गुण जातो.

मी शाळेत सहा यत्ता गेले, त्यातही अर्धा वेळ बाहेर उभी असायचे. नवऱ्याच्या घरी आले तेव्हा सासूनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हाडं मजबूत आहेत, बाकी काही दिसत नाही." पण महिन्याभरात शाळेच्या मास्तरीणबाई स्वतः आपलं मूल घेऊन दारात उभ्या राहिल्या. सासूला पाव भाजता भाजता उठून खुर्ची द्यावी लागली. त्या दिवशी मी किती ताठ बसले होते! घर पॅकीचं, जमीन पॅकीची, आडनाव पॅकीचं. माझं म्हणावं असं एवढंच होतं.

आणि ते काढून घ्यायला निघाली केटी मोरान. तिच्या लेकीचा घसा मी तीनदा फुंकला, उतरला नाही. तिनं पोरीला नव्या डॉक्टरकडे नेलं, आणि दोन दिवसांत पोर अंगणात नाचायला लागली. शनिवारी दुकानात, सात बायकांसमोर केटी मला म्हणाली, "आमच्या पोरीला डॉक्टरची फुंकर लागली गं, अट्रॅक्टा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पीठ घेतलं, साबण घेतला, घरी आले. साबण फडताळात ठेवताना पॅकीचा डबा दिसला.

पॅकी माझा नवरा. दर हिवाळ्यात तीन-चारदा त्याची छाती भरायची, डॉक्टर त्याला कॅप्सूल द्यायचा. अर्धी लाल, अर्धी पिवळी. आठवडाभर घ्यायच्या. तीन दिवसांत खोकला उतरला की पॅकी उरलेल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. मी ओरडले तर म्हणायचा, "औषध म्हणजे काय बटाटे आहेत, ताट संपवायला?" असे चार हिवाळे साठले होते. केटीच्या पोरीला डॉक्टरनं त्याच जातीचं पातळ औषध दिलं होतं, गुलाबी रंगाचं. नाव मला वाचता येत होतं. पहिली पाच अक्षरं जुळली तेवढं मला पुरलं.

त्यानंतर जे मूल आलं त्याला मी फुंकर घातली, आणि जाताना ब्लॅकबेरीच्या जॅमची बाटली दिली. "चमचा सकाळी, चमचा दुपारी, चमचा रात्री. सात दिवस. चुकवायचं नाही." कॅप्सूल उघडून पांढरी पूड त्या जॅममध्ये घोटलेली असायची. पूड कडवट, वास जरा कुबट. माझ्या जॅममध्ये ते लपायचं. माझा जॅम तसा चांगलाच होता.

दोन हिवाळे असं चाललं. मुलं अकरा. अजून ओळीनं नावं सांगते. सगळी बरी झाली. काही तशीही झाली असती, काही औषधानं झाली. फुंकरीनं किती झाली ते देवाला ठाऊक. केटी मोरान परत माझ्या दारात आली, तेव्हा तिला मी अर्धा तास बाहेर उभं ठेवलं.

डॉक्टर औषध लिहायच्या आधी विचारतो: याला आधी कधी त्रास झाला होता का, कुठलं औषध चालत नाही का? मी अकरांपैकी एकाच्याही आईला हे विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं ना जॅममध्ये काय आहे ते!

अकरावी डर्व्हला. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. पहिल्या सोमवारी घसा असा सुजला होता की लाळ गिळवत नव्हती. मी फुंकर घातली, बाटली दिली. गुरुवारी ती माझ्या कोंबड्यांमागे धावली. दुसऱ्या सोमवारी शेवटची फुंकर झाली आणि फिलोमिना कोटाची बटणं लावता लावता म्हणाली, "आभार मानायचे नाहीत म्हणून मानत नाही. पण तू नसतीस तर मी काय केलं असतं? हिला पेनिसिलिन चालत नाही ना."

माझ्या हातात किटली होती.

"चालत नाही म्हणजे?"

"दोन वर्षांची असताना ते गुलाबी औषध दिलं, अंगभर पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाला, पुन्हा दिलं तर जीवावर बेतेल. अगं, किटली सांडतेयस!"

ती गेल्यावर मी कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसले. देवा देवा करत बसले, दुसरं काय? सात दिवस, दिवसाला तीन चमचे. पोर रस्त्यावरून उड्या मारत घरी निघाली होती, तिचं गाणं मला ऐकू येत होतं. मरायची असती तर पहिल्या चमच्याला मेली असती. माझ्या जॅमनं.

त्याच दुपारी डबा शेणाच्या खड्ड्यात रिकामा केला. पॅकीनं विचारलं, "माझ्या गोळ्या?" मी म्हटलं, "जुन्या झाल्या होत्या." त्यानं एकदा जॅमचा चमचा चाटला होता, त्याला संशय आला असणार. पण पॅकी मला भिणारा. वारला तोही ते पोटात ठेवून.

त्या दिवसापासून जॅममध्ये मी फळ आणि साखर याखेरीज काही घातलं नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती, आणि ती जगात एकट्या मलाच कळली होती. डर्व्हलाला ते औषध चालत होतं. आठवडाभर पोटात गेलं आणि एक पुटकुळी उठली नाही. फिलोमिनाला एवढंच सांगायचं होतं: डॉक्टरकडे नेऊन पुन्हा तपासून घे. पण ती विचारणार, तुला गं कसं ठाऊक?

मग एकतीस वर्षं गेली.

माझं नाव झालं ते डर्व्हलामुळेच. डॉक्टरला जिथं हात लावता येत नव्हता तिथं अट्रॅक्टाच्या फुंकरीनं काम केलं. शेजारच्या काऊंटीतून लोक आले. फिलोमिना ही गोष्ट सांगायची आणि दर वेळी ती गोष्ट वाढायची. आधी नुसतं पुरळ होतं. पाचेक वर्षांनी तोंड सुजलं. पुढं ओठ निळे पडले, श्वास थांबला, फादरना बोलवायला माणूस धावला. मी शेजारी चहाचा कप घेऊन मान डोलवायचे. एकदा तर मीच भर घातली, "मेणासारखी झाली होती पोर." त्या आजारात डर्व्हलाला मी पाहिलंही नव्हतं.

पोर मोठी झाली, केस कापायला शिकली. दुकान नाही, घरोघरी जाऊन आम्हा म्हाताऱ्यांचे केस करते. दर दुसऱ्या शुक्रवारी माझ्याकडे. मनगटात चांदीची साखळी, तिच्यावर चपटी पट्टी, पट्टीवर कोरलेलं: पेनिसिलिन देऊ नये. आरशात माझ्या पांढऱ्या केसांवरून ती पट्टी इकडून तिकडे फिरायची. मी डोळे मिटून घ्यायचे. ती म्हणायची, "झोपलात का मिसेस मॅक? बोला की काहीतरी, तुम्ही गप्प बसलात की मला वाटतं कात्री लागली."

मग हा आजार. माझी लेक गोरेट्टी इस्पितळात रुग्णांना चहा-जेवण देते. पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाली, "मॅमी, आपल्या डर्व्हलाच्या हृदयाच्या झडपेला जंतू धरलेत. त्या जंतूवर एक फार चांगलं औषध आहे म्हणे, पण ते पेनिसिलिनच्याच घरातलं. द्यायची सोय नाही. दुसरी दोन देतायत. ती कानावर अन् किडनीवर जातात."

मी चहा ढवळला. साखर घातली नव्हती तरी ढवळला.

शिकलेली माणसं आहेत, काढतील वाट, असं मी स्वतःला सांगितलं. पहिला आठवडा तसाच गेला. गोरेट्टी रोज सांगायची. आज ताप उतरला, आज चढला. चौदाव्या दिवशी म्हणाली, "डर्व्हलाच्या कानात किटली शिट्टी मारल्यासारखं होतंय. मी ट्रॉली ढकलत आले ते तिला ऐकूच आलं नाही." मी म्हटलं, "थकली असेल." गोरेट्टी म्हणाली, "थकल्यावर माणूस बहिरं होतं होय?" मी ताटं उचलली.

तर अशी मी एकोणिसाव्या दिवशी, पोटात पावाचे दोन काप घेऊन, फिलोमिनाच्या गाडीत बसले होते.

वॉर्डात पडद्याआड डर्व्हला उशीला टेकून बसली होती. चेहरा जुन्या मेणबत्तीसारखा. मला बघून हसली आणि केवढ्यांदा तरी ओरडली, "मिसेस मॅक! केस कुणी कापले तुमचे? कुंपण छाटायच्या कात्रीनं का?"

पलीकडच्या खाटेवरची बाई दचकली. आपण ओरडतोय हे डर्व्हलाला कळत नव्हतं.

खिडकीपाशी डॉक्टर उभा होता. इद्रीस नावाचा, सुदानकडचा, उंच, आवाज मऊ. फिलोमिनानं त्याला सांगितलं होतं मी कशाला येणार ते. तो म्हणाला, "माझी आजीसुद्धा फुंकर घालायची. होऊ द्या, मी थांबतो." गोरेट्टी चहाची ट्रॉली घेऊन खाटेच्या पायथ्याशी थांबली होती. तिला माझी फुंकर बघायची होती की माझं तोंड, कोण जाणे.

मी वाकले. डर्व्हलानं तोंड उघडलं. सात वर्षांची असताना उघडलं होतं तसंच, डोळे घट्ट मिटून, दोन्ही हात मांडीवर. चांदीची साखळी मनगटावरून घसरून पार तळहातावर आली होती, इतकी ती वाळली होती.

मी श्वास घेतला. तो सोडता येईना.

"फुंकर घाल ना," फिलोमिना मागून म्हणाली.

मी सरळ उभी राहिले. "डॉक्टर, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"आधी फुंकर, मग काय ते सांग."

"फुंकरीत काही नाही, फिलोमिना."

"काय?"

"हिला ते औषध चालतं." मी डॉक्टरकडे बघून बोलत होते, तिच्याकडे बघितलं असतं तर थांबले असते. "सात वर्षांची असताना मी तिला दिलंय. पूर्ण आठवडा. जॅममधून. माझ्या नवऱ्याच्या कॅप्सूल होत्या. मला ठाऊक नव्हतं हिला चालत नाही म्हणून. पण काही झालं नाही तिला. उलट बरी झाली. त्यानंच बरी झाली."

गोरेट्टीनं हातातला कप ट्रॉलीवर परत ठेवला.

मला वाटलं डॉक्टर आता ओरडेल. मी त्याची वाट बघत होते. त्यानं खुर्ची ओढली, मला बसवलं, स्वतः खाटेच्या कडेला बसला आणि खिशातून पेन काढलं.

"कॅप्सूलचा रंग?"

"लाल आणि पिवळा."

"दिवसाला किती?"

"बाटलीत चौदा फोडल्या होत्या. दिवसाला दोनाच्या हिशेबानं. चमचे तीन."

"सातही दिवस घेतलं?"

फिलोमिना भिंतीला टेकली होती. ती म्हणाली, "घेतलं. मीच भरवायचे." आवाज तिचा वाटत नव्हता. "चाटूनपुसून घेतलं. बाटली धुऊन परत दिली होती मी."

"त्या दिवसांत किंवा नंतर पुरळ? सूज? श्वासाचा त्रास?"

"काही नाही."

डॉक्टरनं लिहिलं आणि मग फिलोमिनाकडे वळला. "आणि दोन वर्षांची असताना? कागदावर आहे, श्वास बंद पडला होता, ओठ निळे झाले होते. म्हणूनच आम्ही तपासून बघायलासुद्धा धजलो नाही. तुम्ही स्वतः पाहिलं होतं का ते?"

फिलोमिनाचे ओठ हलले. ती माझ्याकडे बघायला लागली. जणू मीच सांगावं तिला, तिनं काय पाहिलं होतं ते.

"पुरळ होतं," ती म्हणाली. "पुरळ नक्की होतं. दोन दिवसांनी उठलं होतं. तापही होता तेव्हा. श्वास..." ती थांबली. "इतक्यांदा सांगितलंय मी, डॉक्टर. आता मला आठवत नाही काय झालं होतं अन् काय मी सांगितलं होतं."

"लहान मुलांना तापात असं पुरळ पुष्कळदा उठतं," तो म्हणाला. "औषधाचा संबंध असतोच असं नाही. पण नुसत्या तुमच्या शब्दावर मी देणार नाही. आधी कातडीवर टोचून बघू. मग अगदी थोडं देऊ, शेजारी बसून राहू. मग आणखी थोडं." त्यानं पेन खिशात ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "फार गुणी औषध आहे हे, आजी. पण एखाद्याला खरंच चालत नाही, आणि मग ते दहा मिनिटांत नेतं. म्हणून विचारून द्यायचं."

एवढंच. शिव्या नाहीत, काही नाहीत.

"काय चाललंय?" डर्व्हला ओरडली. "मला ऐकू येत नाहीये! मोठ्यानं बोला कुणीतरी!"

मी उठून कोटाची बटणं लावली.

फिलोमिना मला सोडायला आली नाही. वॉर्डच्या दारापाशी तिनं मला गाठलं आणि एवढंच म्हणाली, "एकतीस वर्षं मी दर रविवारी तुझ्या नावानं मेणबत्ती लावली, अट्रॅक्टा." मग परत आत गेली. केटीसारखी टोचून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

टोचून बघितलं, काही नाही. थोडं दिलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ते खरं औषध तिच्या शिरेत सुरू झालं, सहा आठवडे चाललं. पाचव्या दिवशी ताप गेला. किडनी हळूहळू ताळ्यावर आली. झडप थोडी खराब झाली, पण काम देते.

कान आले नाहीत. ते येत नाहीत म्हणे. जाड आवाज कळतात, बारीक आवाज गेले ते गेले.

मी गोरेट्टीला विचारलं, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर..."

ती भांडी पुसत होती. मागे वळून न बघता म्हणाली, "विचारू नकोस, मॅमी. मी खरं उत्तर देईन."

गावाला कळायला एक दुपार पुरली. नंतर कुणी मूल घेऊन आलं नाही. अकरापैकी सात जण अजून इथंच राहतात, आता त्यांनाच पोरं आहेत. त्यांतला एक दुकानात भेटला. म्हणाला, "मिसेस मॅक, जॅम आहे का शिल्लक?" आणि मग हसला नाही. केटी मोरान मिस्सेत माझ्या बाकावरून उठून दोन बाकं पुढं जाऊन बसली. तिचा हक्क होता, तिच्या दुसऱ्या लेकीलाही मी ती बाटली दिली होती. तीसुद्धा मरू शकली असती. अकराच्या अकरा मरू शकली असती. रात्री झोप लागली नाही की मी त्यांना एकेक करून मारते आणि पुन्हा जिवंत करते.

कबुलीच्या खोपटात मी सगळं सांगितलं, फादरनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना दिली, मी म्हटली. ते सोपं होतं. तिथं अंधार असतो आणि मध्ये जाळी असते.

चर्चपासून माझं घर अडीच मैल. पॅकी गेल्यापासून मिस्सा सुटली की कुणी ना कुणी गाडी थांबवायचं, "बसा मिसेस मॅक." दोघातिघांत चढाओढ असायची. आता गाड्या जरा कडेला होऊन, मला जागा देऊन पुढं जातात. चिखल उडू नये म्हणून वेगही कमी करतात, रीतीची माणसं आहेत. मी चालते. पाय अजून चांगले आहेत, सासू खोटं बोलली नव्हती.

मार्चमधल्या एका रविवारी मी अशीच चालले होते. मागून गाडी आली, पुढं गेली, थांबली, आणि उलटी मागे आली. डर्व्हला. पलीकडं हात लांबवून तिनं दार उघडलं.

"बसा."

"चालते मी. जवळ आलंय."

तिला ऐकू आलं नाही, किंवा आलंही असेल. दार तसंच धरून ठेवलं. मी बसले.

ती इस्पितळातून आल्याला तीन महिने झाले होते. तिला सगळं कळलं होतं, डॉक्टरकडून, आईकडून. माझ्याकडून नव्हतं. मी तिच्या घरी जायला दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा नाक्यावरून परतले. आता ती शेजारी बसली होती. केस मागे बांधलेले, दोन्ही कानांमागे यंत्रं. तिनं ती लपवली नव्हती.

रस्ता सरळ होता. समोर बघता बघता मी बोलायला लागले. काचेकडे बघून. म्हटलं, डर्व्हला, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू खाटेवर पडलीस त्या दिवसापासून नाही, तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून. माझ्या नावापायी मी गप्प बसले. बाकी कारण नाही. तुझे कान माझ्यामुळे गेले. त्या औषधामुळे नाही, माझ्यामुळे. मला क्षमा मागायचीसुद्धा लाज वाटते, पण मागते.

आयुष्यात एवढं एका दमात मी बोलले नव्हते. ती काही बोलली नाही. पूल गेला, दूधसंघाची टाकी गेली. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, तिनं तरी काय बोलावं?

मग तिनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "थंडी वाजतेय का? तुमची हनुवटी हलतेय. काही बोलत असाल तर गाडीत मला काही कळत नाही बरं का. इंजिनच सगळं खाऊन टाकतं."

काहीच ऐकलं नव्हतं तिनं.

माझं घर वळणावर दिसायला लागलं होतं. आणखी दोन मिनिटं. "थंडी आहे खरी," एवढं म्हणून उतरता आलं असतं. मी बोलले होते ना? देवानं ऐकलं असेल. बोलायचं ते बोलून झालं होतं माझं.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं.

तिनं वळायचा दिवा लावला, गाडी एका शेताच्या फाटकाशी घेतली, किल्ली अर्धी फिरवून इंजिन बंद केलं. मी सीटवर जेवढं वळता येतं तेवढं वळले. गुडघे तिच्याकडे केले, तोंड तिच्यासमोर धरलं. तिनं डोळे माझ्या ओठांवर ठेवले.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ती बघत होती. गाडीचा वळायचा दिवा चालूच राहिला होता, टिक् टिक्, टिक् टिक्. तो बंद करायचं तिच्या ध्यानात येत नव्हतं. त्याचा आवाज मला एकटीला येत होता.